दोन घरांची साक्ष

"आई, पाणी कुठपर्यंत आलंय, एवढंच सांगा," जावई फोन कानाशी दाबून पुन्हा म्हणाला.

"सांगतेय ना! कोंबड्या भिंतीवर चढल्यात. समोरचीने सामान माळ्यावर टाकलंय. आणखी काय सांगू?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या पडद्यावर नदी शांत होती. काठावरच्या तीन मापकांपैकी दोन म्हणत होते, पाणी लाल खुणेच्या खाली आहे. तिसरा एकटाच वर सांगत होता, आणि बहुमताच्या नियमाने त्याला वेड्यात काढलं गेलं होतं. नियम जावयानेच लिहिलेला.

सासूबाईंची वस्ती सखल भागातली. वर्षापूर्वी त्या वस्तीसाठी ब्लॉकचेनवर एक करार नोंदवला होता: नदीने लाल खूण ओलांडली की कुणा साहेबाच्या सहीवाचून बसगाड्या निघतील. नोंद शेकडो संगणकांवर, त्यामुळे कुणा एकाला ती फिरवायची सोय नाही. पण त्या संगणकांना खिडकी नव्हती. बाहेरची खबर आत नेणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता, आणि अशा प्रोग्रामला त्यांच्या धंद्यात 'ओरॅकल' म्हणत.

हे नाव कानावर पडल्यापासून सासूबाईंनी त्याला भंडावून सोडलं होतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या. जेवायला बसलं की ग्रीस निघायचंच: डोंगरातलं देऊळ, तिवईवर बसून भविष्य सांगणारी पुजारीण, म्हणजे मूळची ओरॅकल, तिची असंबद्ध बडबड आणि तिचे अर्थ लावून देणारे पुरोहित.

"राजाने विचारलं, लढाई केली तर काय होईल? ती म्हणाली, मोठं राज्य बुडेल. बुडालं ते त्याचंच! कुणाचं बुडेल, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही, जावईबापू."

"आमच्याकडे बडबड नसते, आई. आकडे असतात," तो दर वेळी सांगायचा.

आता तो दात आवळून म्हणाला, "आमचे आकडे म्हणतायत, पूर नाही."

"मग मी काय नौकाविहाराला बसलेय?"

कंपनीच्या प्रमुख बाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. मापकांवर शंका आली तर दोन वेगळ्या घरांतल्या माणसांची साक्ष चाले. तेवढी एकच पळवाट होती.

"तुझ्या सासूबाईंचं एक घर धरते," त्या म्हणाल्या. "दुसरं आण. खोट्या हाकेवर गाड्या धावल्या तर पुन्हा कुणी आपल्याला विचारणार नाही."

"माझी सासू बुडतेय, आणि मी घरं मोजू?"

"मोज."

त्याने फोनवरून सासूबाईंना समोरच्या शिंपीणबाईंना बोलवायला लावलं. शिंपीणबाई आपल्या घरातूनच ओरडल्या, "पायरीला लागलंय हो पाणी! खोटं कशाला बोलू?"

दोन घरं झाली. त्याने साक्ष नोंदवली. प्रमुख बाईंनी मान डोलावली आणि बसगाड्या निघाल्या.

दिवेलागणीपर्यंत वस्तीत गळ्याएवढं पाणी झालं होतं. माणसं मात्र सगळी उंचावरच्या शाळेत कोरडी बसली होती. त्या दोन मापकांच्या नळ्यांत गाळ भरला होता म्हणे. जावई पोचला तेव्हा सासूबाई आणि शिंपीणबाई एकाच कांबळ्यात होत्या.

"तुम्ही वेळेवर पाहिलंत म्हणून सगळे वाचले," तो म्हणाला.

"मी कुठे पाहिलं?" सासूबाई म्हणाल्या. "चष्मा सापडत होता का मला? हिने ओरडून सांगितलं."

शिंपीणबाईंनी मान वर केली. "मी? अहो बाई, मी मागच्या खोलीत होते. तुम्हीच खिडकीतून ओरडलात, पाणी पायरीला लागलं म्हणून. तेव्हा कुठे मी सामान उचलायला लागले."

"मी ओरडले ते तू ओरडलीस म्हणून!"

"छे हो. आधी तुम्ही."

"अहो, मग पाणी पाहिलं कुणी?" त्याचा आवाज एवढा चढला की शेजारची दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

शिंपीणबाईंनी सासूबाईंकडे बोट दाखवलं, सासूबाईंनी शिंपीणबाईंकडे.

खिशातला फोन वाजला. प्रमुख बाई होत्या. गाळाचं त्यांनाही कळलं होतं. आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "शाब्बास. वरून विचारतायत, सगळ्यात आधी पाणी कुणाला दिसलं? नाव कळव, सत्कार करायचाय."

"विचारतो," तो म्हणाला.

मग बूट काढून तो दोघींच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. सासूबाईंनी कांबळ्याचं टोक त्याच्या पायांवर ओढलं. नाव मात्र त्याने पुन्हा विचारलं नाही.