सतरा नंबरचा ठोंब

मित्रांनो, मी कडवळाचा, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचा, एक जुना ठोंब आहे. देगलूरजवळच्या एका चारा संशोधन केंद्राच्या शेतात, विहिरीपासून सर्वात लांबच्या रांगेत उभा आहे. गवताची कहाणी सहसा कुणी विचारत नाही. पण माझ्यामुळे एक जीव गेला, आणि ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पंचशीलाताईंनी मला घडवलं. चाऱ्याच्या नव्या जाती तयार करणं हे त्यांचं काम. भर उन्हाळ्यातही हिरवा राहील असा चारा त्यांना हवा होता. म्हणून गोड धाटाच्या कडवळाशी त्यांनी लेंडी नदीच्या काठच्या बरू नावाच्या रानटी गवताचा संकर केला. सकाळच्या उन्हात डोळ्याला भिंग लावून त्या चिमट्याने फुलांतले परागकोश काढत, बरूचे पराग त्यावर झटकत. मग ईश्वरप्पा कणसाला कागदी पिशवी बांधत. ईश्वरप्पा म्हणजे शेतावरचे सर्वात जुने गडी. त्या बियांतून दोनशे रोपं उगवली. काही करपली, काही निबर निघाली. सतराव्या नंबरचा मी मात्र कापला की पुन्हा फुटायचो, आधीपेक्षा दाट. लातूरहून, उदगीरहून पाहुणे येत आणि माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मला फार अभिमान वाटे.

ईश्वरप्पांची एक देवणी गाय होती, हरणी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लांब. ती रोज त्यांच्याबरोबर शेतावर यायची आणि बांधावरच्या लिंबाखाली रवंथ करत बसायची.

एकदा ईश्वरप्पांनी विचारलं, "ताई, हे ज्वारीच्या वळणाचं हाय. किरळ तर लागत न्हाई ना?"

पाऊस ओढला की ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष साठतं. ते खाऊन जनावर दगावलं, की किरळ लागली म्हणतात.

"तपासणी झालीय अप्पा," ताई म्हणाल्या. "निर्धोक आहे. हरणीला खुशाल घाला."

तपासणी खरंच झाली होती. पण ती पानं भर पावसातली होती.

त्या वर्षी पावसाने सव्वीस दिवस ताण दिला. कुरणं पिवळी पडली. मला नुकतंच कापलेलं होतं आणि वीतभर फुटवे आले होते. साऱ्या रानात तेवढंच हिरवं. एका दुपारी ईश्वरप्पांनी माझी पेंढी कापून हरणीपुढे टाकली. दोन दिवस वाळल्या काडीवर काढले होते तिने. अधाशासारखी खात सुटली, मग दावं ताणून माझ्यापर्यंत आली आणि उरलेले फुटवेही तिने जिभेनं ओढून घेतले.

थोड्याच वेळात तिचे पाय लटपटले. तोंडाला फेस आला. ती खाली बसली ती उठलीच नाही. ईश्वरप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत राहिले, "हरणे, ऊठ ग माय!" देगलूरहून डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. ते म्हणाले, "किरळ लागली."

ईश्वरप्पांनी हरणीच्या गळ्यातलं दावं सोडून खांद्यावर टाकलं आणि ते घरी गेले. त्यांनी ताईंना दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी शेतकरी मेळावा होता. माझ्या मुळ्यांचे बाराशे ठोंब ओल्या पोत्यांत गुंडाळून तयार होते. केंद्राचे प्रमुख उद्धवराव हळूच म्हणाले, "साप चावला म्हणा. चार वर्षांची मेहनत आहे."

"सर, अप्पांनी मला विचारलं होतं," ताई म्हणाल्या.

मेळाव्यात त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिवकांता नावाची एक शेतकरीण उठली. "मंग तुमच्यावर इस्वास ठेवायचा का न्हाई?"

"आज ठेवू नका," ताई म्हणाल्या. "दोन-तीन उन्हाळे थांबा."

त्या संध्याकाळी पोत्यांतले बाराशे ठोंब आणि शेतातली माझी सगळी भावंडं उपटून जाळली. मला तेवढं ठेवलं, विषाची तुलना करायला. तेव्हापासून पाऊस ओढला की ताई माझं पान चुरडून नळीत घालतात आणि वर पिवळ्या कागदाची पट्टी टांगतात. विषाने ती विटेसारखी लाल होते. दर वेळी.

मित्रांनो, दुपारी वारा पडतो तेव्हा मला हरणीची खरखरीत, ओली जीभ जाणवते. वारा नसताना माझी पानं हलतात. शेतावरची गुरं माझ्याजवळ आली की फुरफुरून मागे सरतात. ईश्वरप्पा मला पाणी घालता घालता थबकतात आणि रिकाम्या हवेत हात घालून गळ्याखाली खाजवल्यासारखं करतात. मी ते पाणी पितो.

यंदा माझ्याच वंशातलं एक नवं गवत तयार झालं. तीन कोरड्या हंगामांत त्याची पट्टी पिवळीच राहिली. ताईंनी ईश्वरप्पांना बोलावलं. त्यांच्याकडे हरणीची कालवड होती, आता दुभती झालेली.

"दुसऱ्या जनावरावर बघू का अप्पा?"

"न्हाई. हिच्यावरच बघा. पर घास तुमी द्या."

ताईंनी पेंढी तिच्या तोंडापुढे धरली. गाय खाऊ लागली. दोघं तिच्याजवळ मातीतच बसले. तासभर ते तिच्या पायांकडे आणि तोंडाकडे बघत होते. शेवटी गाय शांतपणे रवंथ करू लागली, तेव्हा ताई पदरात तोंड लपवून रडल्या. ईश्वरप्पा म्हणाले, "उठा ताई. हिला पाणी पाजायचं हाय."

मित्रांनो, पाऊस ओढलेल्या रानात एखादं गवत फारच हिरवं दिसलं तर भुलू नका. त्याला कमरेइतकं वाढू द्या, वाईट दिवसांत तपासा, मगच गुरांपुढे टाका. आणि हात मातीत मळलेल्या माणसाने शंका काढली, तर उत्तराची घाई करू नका. जनावराला विचारता येत नाही. त्याच्या वतीने तोच विचारत असतो.