रुस्तमच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, कारभारीच्या घरात शिरलात की दाराच्या उजव्या हाताला एक खुंटी आहे. तिच्यावर वाळून कडक झालेला एक चामडी पट्टा लटकतो. त्याचं पितळी बक्कल काळवंडलंय आणि शिवण दोन ठिकाणी उसवलीय. तो पट्टा म्हणजे मी. मला कुणी तेल लावत नाही, माझ्यावरची धूळसुद्धा कुणी झटकत नाही. पण माझी हेळसांड होते असं रडगाणं गायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. मला तेल नकोच आहे. का नको, ते सांगतो. जरा मन घट्ट करून ऐका, कारण माझ्या आयुष्यात रक्त फार सांडलंय.

मी मूळचा बैलाचा. कानपूरच्या एका कारखान्यात कुणा बैलाचं कातडं कमावलं, त्याची तीन बोटं रुंद पट्टी कापली, दुहेरी शिवण घातली आणि माझा जन्म झाला. तिथून गोणीत भरून मी उत्तरेच्या एका छावणीत गेलो. तिथं फौजेसाठी कुत्री शिकवायचे. मी ज्याच्या गळ्यात पडलो तो रुस्तम, दीड वर्षाचा, काळ्या पाठीचा, चांगलाच हट्टी. आणि ज्याच्या हातात माझा दोर गेला तो शिपाई कारभारी, साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. रुस्तमहून जास्त हट्टी कोण असेल तर तोच.

कारभारीची हिंदी ऐकून सारी छावणी पोट धरून हसायची. "अबे बैठ ना! काऊन तरास देऊन राह्यला मले?" असं तो रुस्तमला म्हणायचा आणि रुस्तम मान वाकडी करून बघत राहायचा. कुत्री शिकवणारे उस्ताद म्हणाले, "कारभारी, तू हिंदी सीख, नहीं तो ये कुत्ता मराठी सीख जाएगा." झालंही तसंच. सहा महिन्यांत कुत्रं वऱ्हाडी समजायला लागलं.

त्या छावणीचा एक कायदा होता. तो नीट लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. प्रत्येक कुत्र्याला गळ्यात घालायच्या दोन वस्तू. एक सुताची साधी दावणी, ती फिरण्याची, खेळण्याची. दुसरा मी. मी फक्त कामाचा. मी गळ्यात पडलो की रुस्तमचं खेळणं बंद, खाणं बंद, आडवं होणंसुद्धा बंद. हात उगारून कुणी कारभारीवर धावला की त्या हाताचं मनगट धरायचं आणि मेला तरी सोडायचं नाही. सोडायचं ते कारभारीनं 'छोड' म्हटल्यावर. उस्तादांनी त्यात एक भर घातली. "गोली चलेगी तब तेरी आवाज कौन सुनेगा? हाथ से भी सिखा." मग कारभारीनं मला दोनदा खेचून शिकवलं. दोन हिसके, की सोड. सोडलं की डाव्या गुडघ्याशी येऊन बसायचं. मग कारभारी मला काढायचा आणि त्याच्यानंतरच ताटली पुढं यायची. रुस्तमच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं की माझं बक्कल वाजलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

पासष्ट सालची लढाई लागली. एका सकाळी आमची तुकडी उसाच्या शेताकडेनं चालली होती. उसातून शत्रूचा एक शिपाई संगीन घेऊन बाहेर पडला तो थेट कारभारीवर. रुस्तमनं झेप घेतली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, कारण मी त्याच जबड्याच्या खाली होतो. ऊन ऊन रक्त माझ्या शिवणीत शिरलं. कारभारी माझ्याकडे हात नेतो न नेतो तोच पलीकडून बॉम्ब येऊन पडला.

धुरळा बसला तेव्हा तो शिपाई मरून पडला होता. रुस्तमच्या दोन्ही कानांतून रक्ताच्या धारा लागल्या होत्या, तरी मेलेल्या माणसाचं मनगट त्यानं सोडलेलं नव्हतं. आणि कारभारीच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी नुसता लाल चिखल होता. तो 'छोड, छोड' असं ओरडत होता. रुस्तमला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते कारभारीला दिसत नव्हतं. तो चाचपडत सरकत आला. आधी हाताला बूट लागला, मग छाती, मग मी. त्यानं दोन हिसके दिले. रुस्तमनं सोडलं, डाव्या गुडघ्याशी येऊन बसला.

आंधळा शिपाई आणि बहिरं कुत्रं, दोघेही फौजेच्या कामातून गेले. अशा कुत्र्याचं पुढं काय करतात ते इस्पितळातल्या कारभारीला ठाऊक होतं. तो साहेबाला म्हणाला, "त्याले गोळी घालायची असंल तर मले बी घाला." साहेब भला माणूस होता. त्यानं कागदावर सही केली. आगगाडीनं जालना, तिथून एसटीनं देऊळगाव राजा. कंडक्टर म्हणाला, कुत्र्याला गाडीत जागा नाही. कारभारी म्हणाला, मग मी चालत येतो. शेवटी आम्ही तिघंही मागच्या बाकावर बसलो.

गावात आल्यावर कारभारीनं मला गळ्यातून काढलं आणि या खुंटीला टांगलं. बायकोला, गीताबाईला, तो एवढंच म्हणाला, "हा कामाचा पट्टा हाय. राहू दे तिथंच." यापेक्षा जास्त तो काही बोलला नाही. लढाईतलं काही सांगायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मित्रांनो, मी त्याच्यावर रागावतो तो एवढ्याच गोष्टीसाठी. आणखी दोन वाक्यं बोलायला त्याचं काय जात होतं?

दावणी गळ्यात घालून रुस्तम त्याला विहिरीवर न्यायचा, शेतात न्यायचा, साखरखेर्ड्याच्या बाजाराला न्यायचा. खड्डा आला की आडवा उभा राहायचा. शेजारचा मोतीराम, कारभारीचा लहानपणचा सोबती, म्हणायचा, "एकाले दिसत नाही, दुसऱ्याले ऐकू येत नाही. पन दोघं मिळून पुरा माणूस हाय बे!" आणि कारभारी हसायचा. तेवढाच तो हसायचा.

बाकी त्याच्या डोक्यातली लढाई संपलेली नव्हती. एकदा गावातल्या लग्नात भरदुपारी फटाक्यांची माळ लागली. कारभारी अंगणात बसला होता. तो झटक्यात उठला आणि शेजारी धान्य पाखडत बसलेल्या गीताबाईचा त्यानं गळा धरला. मी खुंटीवरून बघत होतो. तिचे डोळे पांढरे झाले, सूप हातातून पडलं. मला काही करता येईना. तेवढ्यात रुस्तम दोघांच्या मध्ये घुसला. गुरगुरला नाही, चावला नाही. आपलं सगळं अंग त्यानं कारभारीच्या छातीशी रेटलं आणि त्याचं तोंड चाटत राहिला. हळूहळू ती बोटं ढिली पडली. गीताबाईच्या गळ्यावरचे वळ पंधरा दिवस गेले नाहीत. त्या दिवसापासून चुलीवरची पहिली भाकर ती रुस्तमला घालू लागली.

मग सदुसष्ट सालचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळत होते आणि त्यांना आवतण देत होते. गीताबाईनं बैलांचं झाल्यावर रुस्तमची मान मळली. "आज आवतन घे, उद्या जेवायले ये," ती त्याच्या बहिऱ्या कानात म्हणाली. कारभारीला ती म्हणाली, "बैलायची पूजा होते, मंग याची काऊन नाही? वरीसभर तुमाले ओढून राह्यला हा." कारभारी म्हणाला, "कर तुले करायचं ते."

दुसऱ्या दिवशी पुरण शिजत घातलं आणि ती खुंटीकडे आली. मला तिनं तेल लावलं, बक्कल राखेनं घासून लख्ख केलं, लाल गोंडे बांधले, घुंगरं शिवली. दोन वर्षांनी माझ्या अंगात ओल आली होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मिरवायला कुणाला आवडत नाही? मग तिनं जुनी दावणी काढली आणि मला रुस्तमच्या गळ्यात घातलं.

मित्रांनो, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे त्या माउलीला माझ्याहून जास्त कळत होतं. पण त्या दिवशी तिनं रुस्तमच्या मानेवर नकळत जूच ठेवलं. बक्कल लागलं तसे त्याचे कान उभे राहिले आणि शेपूट ताठ झालं. तिला वाटलं, गडी खूश झाला.

वेशीवर तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या होत्या. कारभारी एका कडेला भिंतीशी उभा होता. घुंगरं ऐकून त्यानं विचारलं, "कुठं बांधले वं घुंगरू?" "गळ्यात," गीताबाई हसून म्हणाली. तोही हसला. त्याला वाटलं, दावणीलाच बांधले असतील. त्यानं हात लावून बघितलं असतं तर! पण नाही लावला.

तोरण तुटलं, पोळा फुटला. एकदम सगळी वाजंत्री वाजली. एक तरणा गोऱ्हा बिथरला आणि शिंगं खाली घालून सरळ भिंतीकडे सुटला, जिथं कारभारी उभा होता. मोतीरामनं ते पाहिलं. "सर कारभारी! सर बाजूले!" ओरडत, काठी उगारून तो गोऱ्ह्याला हाणायला धावला. आपल्या मित्राला वाचवायला धावला. पण रुस्तमला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत. त्याला दिसला तो कारभारीवर धावून येणारा, हात उगारलेला माणूस. आणि गळ्यात मी होतो.

गीताबाईच्या हातातला दोर सुटला. मोतीराम आडवा झाला. त्याचं मनगट जबड्यात गेलं आणि तोच आवाज, उसाच्या शेतातला, मी दुसऱ्यांदा ऐकला. गोऱ्हा दोघांच्या अंगावरून उडी टाकून, कारभारीला चुकवून, निघून गेला. मोतीरामची किंकाळी वाजंत्रीच्या वर चढली. माणसं काठ्या घेऊन धावली. पाठीवर, डोक्यावर, फासळ्यांवर दणादण काठ्या बसू लागल्या. रुस्तमनं डोळे मिटून घेतले, पण दात सोडले नाहीत. मोतीरामच्या थोरल्या भावानं, किसनरावानं, तोरणाचे खांब रोवायला आणलेली लोखंडी पहार उचलली आणि रुस्तमच्या कमरेत घातली. कमरेचा मणका तुटला. मागचे पाय लुळे पडले. तरी त्यानं सोडलं नाही.

"छोड! रुस्तम, छोड!" कारभारी ओरडत होता. मग रुस्तमला ऐकू येत नाही हे त्याचं त्यालाच आठवलं आणि तो जमिनीवर पडून सरपटू लागला. एका बैलाचा खूर त्याच्या बोटांवर पडला. कुणाची तरी काठी त्याच्या खांद्यात बसली. चिखलात हात फिरवत फिरवत त्याला मोतीरामचा पाय लागला, मग धोतर, मग मी. त्याची बोटं माझ्या बक्कलावर आली. त्याला सारं कळलं. त्यानं दोन हिसके दिले.

रुस्तमनं मनगट सोडलं. मागचं धड मातीतून ओढत तो कारभारीच्या डाव्या गुडघ्याशी आला आणि पुढच्या दोन पायांवर ताठ राहिला. तोंडातून रक्त गळत होतं, अंग थरथरत होतं, पण आडवा होईना. किसनरावानं पहार पुन्हा उचलली.

"थांब दादा," मोतीराम जमिनीवरून कण्हत म्हणाला. "सोडलं त्यानं. त्यानं सोडलं."

"गीता, हा पट्टा कोनं घातला?" कारभारीनं विचारलं.

"म्या घातला." गीताबाई म्हणाली. "चांगला दिसत होता म्हून."

 "म्याच नाही सांगितलं तुले," कारभारी एवढंच म्हणाला आणि चेचलेल्या बोटांनी त्यानं माझं बक्कल उघडलं.

मी गळ्यातून निघालो तेव्हा कुठं रुस्तम आडवा झाला. त्यानं हनुवटी कारभारीच्या मांडीवर ठेवली आणि वाट बघू लागला. काम संपलं होतं, आता ताटली यायची होती. ते ओळखलं फक्त कारभारीनं. "गीता, त्याचं जेवन आन!" गीताबाई अनवाणी धावत घरी गेली, पुरणाची पोळी घेऊन धावत आली. पोळी तिनं त्याच्या तोंडाशी धरली. त्याची जीभ एकदा पोळीला लागली. मग हलली नाही.

मोतीरामच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली. महिनाभर त्या दोन घरांत बोलणं नव्हतं. कारभारी घराबाहेर पडायचा नाही. मग एका बाजाराच्या दिवशी मोतीराम दारात येऊन उभा राहिला. कारभारी म्हणाला, "तुह्या हाताचं वाटोळं केलं म्या." मोतीराम म्हणाला, "दुसरा हाय ना अजून. धर अन् चाल." त्यानं डावा हात पुढं केला. तेव्हापासून बाजाराला ते दोघंच जातात.

तेव्हा मित्रांनो, जो मुका जीव तुमच्यासाठी राबतो त्याच्यावर माया करा, पण त्याचा दागिना कुठला आणि त्याचं जू कुठलं, हे आधी विचारून घ्या. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं न विचारता सांगावं, जीभ टाळूला चिकटत असली तरी सांगावं. मला तेल लावू नका. मी मऊ पडलो की पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात शोभून दिसेन, त्याची मला भीती वाटते.

दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गीताबाई परसातल्या लिंबाखाली, रुस्तमला पुरलं तिथं, आवतण देऊन येते. दुसऱ्या दिवशी बैल घरी आले की कारभारी मला खुंटीवरून काढतो, बक्कल लावतो आणि उघडतो. आवाज घरभर ऐकू जातो. मग ती लिंबाखाली पहिलं ताट वाढते.