मोटारीची ओटी

मला बघायला आलेला पुंजाराम मला बघताक्षणीच आवडला. आज म्हातारपणी हे छातीठोक सांगते, पर तवा मान खाली घालून गप बसले हुते. तो राहुरीत मोटारीचा मिस्त्री. मालकाची पांढरी अँबॅसिडर मागून घिऊन आमच्या नेवाशाकडच्या खेड्यात आला. आमच्या दारात मोटार यायची ही पयलीच खेप. अख्खं गाव मला सोडून मोटारच बघत हुतं, त्याचा राग आला तो येगळाच!

दादांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, "कळवतो" म्हणून पाव्हण्यांना वाटंला लावलं. मोटार लिंबाच्या झाडापतूर गेली, आचके दिले अन् ठप्प.

पुंजारामनं बॉनेट उघडलं. पेट्रोल येत हुतं. प्लग काढला, ठिणगीबी पडत हुती. हँडल मारून मारून बिचारा घामानं निथळला. सल्ले द्यायला गाव मोकळंच! कुणी म्हनं पानी पाजा, कुणी म्हनं दिष्ट लागली, मिरच्या ओवाळा.

दादा मिशीला पीळ देत म्हनाले, "आणलेली गाडी चालंना, अन् म्हनं मिस्त्री! ह्याला पोरगी न्हाई द्यायची."

तेवढ्यात दारात माझ्याशेजारी उभी असलेली झुंबरआत्या, दादांची बहीन, लई समाधानानं म्हनाली, "लक्ष्मी दारातनं रिकामी कशी जाऊ द्यायची? मी ओटी भरली तिची."

"कुठं गं?"

"मागल्या धुराच्या नळीत. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. आत जाईना, मंग लाटण्यानं ठासलं."

अगं आई गं! हसू का रडू? एकदा दावलेली पोरगी पाव्हण्यांपुढं पुन्हा जात न्हाई, असा आमच्यात रिवाज. खड्ड्यात गेला रिवाज! पदर खोचला अन् धावत सुटले.

"मागं बघा, मागं!"

पुंजाराम वळला, मला बघितलं, अन् बघतच राह्यला. हातातलं हँडल पायावर पडलं तरी ध्यान न्हाई.

"माझ्याकडं न्हाई ओ, नळीकडं!"

गाव असं हसलं, की गोठ्यातले बैल बुजले. पुंजारामनं पकडीनं खण ओढून काढला. काळाठिक्कर झालेला. तांदूळ धुळीत सांडले. दादा लालबुंद. "कुनाचा हा चावटपना?" माझ्या पाठोपाठ धावत आलेली आत्या, "मी ओटी भरली रे मोटारीची," म्हनत माझ्यामागं लपली.

पुंजाराम खाली बसला. तांदूळ येचून रुमालात बांधले अन् रुमाल कपाळाला लावला. "रागवू नका मामा. आत्याबाईंनी आमच्या गाडीचा मान केला. हे मी आईला नेऊन देतो."

मंग हँडल मारलं. एका झटक्यात गाडी सुरू! पोरंठोरं नाचली, मीबी नाचले, लाज सोडून.

दादा गाडीजवळ गेले अन् वरडले, "बंद कर ती!"

पुंजारामचं तोंड उतरलं. माझंबी.

"बंद कर म्हन्तो ना! लग्नाची तारीख धरायची हाय, ह्या धडधडीत बोलायचं कसं?"