वरचे बारा सूर

धाकटीच्या पायाला भिंगरी लागलेली असते, असं घरात सगळेच म्हणत. पण त्या दुपारी ती बाबांच्या खोलीत ज्या येरझाऱ्या घालत होती, त्या बघून बाबाच वैतागले. "अगं, बस की कुठेतरी. फरशी झिजेल."

पण बसवतंय कुणाला! तासाभरापूर्वी मोठ्या भावाचा फोन आला होता. "बाबा सभागृहाचं काम सोडताहेत. मला तर दादच देत नाहीत. तू ये." बाबा पियानो सुरात लावून द्यायचे. मोठ्या सभागृहाचा पियानो तीस वर्षं दुसऱ्या कुणी लावला नव्हता. उद्या सकाळी तो लावायचा होता आणि येणार की नाही ते चार वाजेपर्यंत कळवा, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"झालं तरी काय?" धाकटीने विचारलं.

"कान गेला." बाबा तारा ताणायची किल्ली फडक्याने पुसत होते. "डॉक्टर म्हणालेच होते, वरचे सूर आधी जातील. गेले. सगळ्यात वरचे बारा, एका ओळीत."

"कुणी तपासलं?"

"मीच. आठ दिवसांपूर्वी, तुझ्या प्रोग्रॅमवर."

धाकटीच्या येरझाऱ्या थांबल्या.

कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर चालणारा तो प्रोग्रॅम तिचा आणि तिच्या चार दोस्तांचा होता. फुकट, नवशिक्यांसाठी. उघडला की पडद्यावर पियानोच्या पट्ट्या दिसायच्या आणि पट्टी दाबली की ती पिवळी होऊन आवाज यायचा. तो आवाज कुठून येतो, कुठला संच निवडायचा, असल्या भानगडीत नवशिक्याने पडूच नये, म्हणून आवाजांचा एक लहानसा संच आतच घालून दिला होता. तो लहान कसा राहिला? तर धाकटीने सगळ्यात वरचे बारा सूर कापले होते. दोस्त नको नको म्हणत होते, पण ही हट्टाला पेटली. नवशिक्याला ते लागतात कशाला? हवे असतील तर मोठा संच घेईल वेगळा. आणि 'या सुराला आवाज नाही' अशी सूचना यायची, तीही हिनेच काढून टाकली. नवशिके उगाच घाबरतात म्हणे.

"पण बाबा, रोज इतके पियानो लावत असताना कॉम्प्युटरवर कशाला बघितलंत?"

"वरच्या सुरांना लाकडाचा ठोकाही ऐकू येतो. सूर गेला तरी ठोका राहतो, आणि माणूस फसतो. तुझ्या यंत्रात लाकूड नाही. म्हटलं, ते खोटं बोलणार नाही." बाबांनी किल्ली पेटीत ठेवली. "पट्टी पिवळी होत होती, धाकटे. वाजत होतं सगळं. मलाच येत नव्हतं ऐकू."

आता मूग गिळून बसण्यात अर्थ नव्हता. "ते सूर तिथे नव्हतेच. मी काढलेत."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे आठ दिवस तू मला बहिरा करून ठेवलंस?"

"हो."

"आणि ती पिवळी पट्टी?"

"आवाज नसला तरी होते."

"शाबास!" बाबा हसायला लागले. कधी नव्हे ती आपली चूक सापडली, याचा धाकटीला इतका आनंद झाला की तिने मोठा संच उतरवायला लावला आणि तो पूर्ण होण्याआधीच भावाला कळवून टाकलं, बाबा जाणार! नेट मात्र मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. ती उठे, पडद्याशी जाई, पुन्हा बसे. संच उतरला तेव्हा चाराला दहा कमी होते.

बाबा पाठमोरे बसले. सूर ऐकू आला की बोट वर करायचं, असं ठरलं. त्या बारांतला सगळ्यात खालचा सूर धाकटीने पहिला वाजवला, मग एकेक वर. बोट वर. दुसरा. बोट वर. सहाव्या-सातव्याला तर बाबा मान डोलवायला लागले. नववा झाला, आणि धाकटीला गाणं म्हणावंसं वाटलं.

दहाव्याला बोट वर गेलं, पण जरा रेंगाळून. अकराव्यालाही तसंच. धाकटीचा हात माऊसवर थबकला. बारावा सूर तिने वाजवलाच नाही.

बाबांचं बोट वर गेलं.

"बरोबर!" तिच्या तोंडून निघून गेलं. तिला रडू फुटत होतं. चूक आपलीच असावी, पूर्णपणे आपली असावी, असं तिला इतक्या कळकळीने कधी वाटलं नव्हतं.

बाबा वळले. "खरंच वाजवलास?"

हो म्हणायचं होतं तिला. एका शब्दाने उद्याची सकाळ निभावली असती. पण उद्या सभागृहात तो पियानो बेसूर निघाला असता, शेकडो लोकांसमोर, तीस वर्षांच्या नावावर.

"नाही," ती म्हणाली.

"आणि आधीचे दोन?"

"ते वाजवले होते."

"हं. ते मी अंदाजानेच धरले. तू एका तालात वाजवतेस ना."

फोन वाजला. सभागृहाचा नंबर होता. धाकटीने तो कट करायला हात पुढे केला, पण बाबांनी तिच्याआधी उचलला.

"नमस्कार. उद्यासाठी दुसरा माणूस बघा," ते म्हणाले. "नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. मला वरचे तीन सूर ऐकू येत नाहीत." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. बाबा हूं हूं करत होते आणि दुसऱ्या हाताने धाकटीच्या पाठीवर थोपटत होते.