शेखरचं कार्ड

शेखर गेल्यावर त्याच्या फोनवर पहिला मेसेज आला तेव्हा त्याची बायको रेश्मा शेणवे गावातल्या घरी ओटीवर तांदूळ पाखडत होती. तेराव्याचे पाहुणे परत जाऊन फार दिवस झाले नव्हते. फोन कणगीशेजारच्या बोर्डावर चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला, तशी ती सूप बाजूला ठेवून उठली. मेसेज वाचला आणि भिंतीला धरून खाली बसली.

शेखरच्या कार्डावरून पैसे काढले होते. ठिकाण, कॉन्स्टंटा.

शेखर वेल्डर होता. एका एजंटाच्या ओळखीनं तो रोमानियाला गेला, समुद्रकाठच्या त्या शहरात जहाजं दुरुस्त करायच्या कामावर. पगार मुंबईच्या एका कंपनीमार्फत इथल्याच खात्यात जमा व्हायचा. खातं दोघांच्या नावावर होतं. तिकडे खर्चाला लागेल तेवढं तो आपल्या कार्डानं एटीएममधून काढायचा. बँकेचे मेसेज जुन्या नंबरावर येत, म्हणून जुना फोन तो घरीच ठेवून गेला होता आणि तिकडे दुसरं सिम घेतलं होतं.

पहिल्यांदा पैसे काढताना त्यानं मशीनसमोरूनच तिला फोन केला होता. "रेश्मा, हे विचारतंय, रुपयात कापू का इथल्या पैशात? काय दाबू?"

बँकेतल्या मॅडमनी सांगितलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. "रुपयात नाय. तिथल्याच पैशात. रुपयात दाबलं तर मशीनवाले भाव वाढवून लावतात."

दर खेपेला बँक वेगळा चार्ज कापते, तर महिन्याचे एकदम काढ, असंही ती त्याला सांगायची. तो ऐकत नसे. शनिवारी बाजारहाट करायला निघाला की थोडेसेच काढायचा. "अगो, मेसेज पडला म्हंजे तुला कळतं ना, मी हाय म्हणून," तो म्हणायचा. "चार्ज गेला तर जाऊ दे."

मग एका सकाळी मुंबईच्या कंपनीतून फोन आला. जहाजाच्या पोटात काम करताना शेखर वरून पडला होता. कागदपत्रं होऊन पेटी यायला बरेच दिवस गेले. विमानतळावरून गाडीबरोबर आलेल्या माणसानं घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तोंडावरचं कापड सोडू नका, बघवणार नाही. कुणी सोडलं नाही. गुंडाळलेलं होतं तसंच नदीवर नेलं.

शेखरची आई गिरजा दारातच उभी होती. ती रडली नाही. "मी तोंड पायलं नाय," एवढंच म्हणाली, आणि पुढंही जो भेटायला येईल त्याला तेवढंच सांगत राहिली.

आता हा मेसेज. शनिवारच होता. रक्कमही शेखर काढायचा तेवढीच.

धाकटा दीर भाविक कामावरून आला तेव्हा रेश्मानं त्याला फोन दाखवला. तो भडकला. "चोरी हाय वयनी ही. त्याच्या सामानात कार्ड नव्हतं ना? कुनीतरी उचललंय. आत्ताच्या आत्ता बंद करा."

"पिन कुनाला म्हाईत असनार?" रेश्मानं विचारलं. पिन शेखरला ठाऊक होता आणि तिला.

भाविकनं फोन तिच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "ते काय म्हाईत नाय. पण कार्ड बंद करा."

आत चुलीपाशी गिरजा बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, "आला का?"

"काय आई?"

"शेखर. फोनात आला का?"



रेश्मानं कार्ड बंद केलं नाही. बँकेत जाते म्हणून दोनदा शहापूरला गेली आणि बाजार करून परत आली. पुढच्या शनिवारी पुन्हा मेसेज आला, त्याच्या पुढच्याही. मशीन तेच, वेळ साधारण तीच, दुपारची, भांडी घासून झाल्यावरची.  शनिवारी ती केस विंचरून, चांगली साडी नेसून ओटीवर बसे. आपण हे का करतो, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. फोन हातातच धरून ठेवायची. कधी वाटायचं, कापडात गुंडाळलेला भलताच कुणी होता आणि शेखर तिकडे कसल्याशा भानगडीत अडकलाय, फोन करता येत नाही म्हणून असा निरोप पाठवतोय. कधी वाटायचं, तो मेलाय हे त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

सून सजून बसते, सासू चुलीपाशी कान देऊन बसते. आळीतल्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या.

शेवटी भाविकनं हट्टच धरला. त्यानं समोर बसून रेश्माला फोनवरून त्या खात्यातले पैसे तिच्या दुसऱ्या खात्यात वळते करायला लावले. "बंद नसेल करायचं तर नका करू," तो म्हणाला. "पण चोराला काय भेटता कामा नाय."

त्या शनिवारी मेसेज आला तो वेगळा होता. खात्यात पुरेशी रक्कम नाही, व्यवहार झाला नाही.

रेश्मा बघत राहिली. थोड्या वेळात दुसरा आला. या वेळी रक्कम निम्मी मागितली होती. तीही नाकारली. मग तिसरा, त्याहून कमी. मग चौथा, अगदीच थोडक्याचा, जेवढ्यात पाव आणि दूध येईल.

तिला तो दिसायला लागला. बर्फात उभा, हात काखेत घालून ऊब घेणारा, एकेका बटणानं मागणं कमी कमी करणारा. मागं आणखी लोक रांगेत थांबलेले. तिकडे फार थंडी असते, बोटं वाकत नाहीत, असं शेखरच सांगायचा.

"आई गो," ती मोठ्यानं म्हणाली. गिरजा चुलीपासून उठून आली. फोनात काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं. सुनेचा चेहरा बघून म्हणाली, "नाय म्हनू नको त्याला."

रेश्मानं फोनवरूनच पैसे परत त्या खात्यात वळवले. आणि वाट बघत बसली. तो निघून गेला असेल, असं तिला वाटलं. पण फोन वाजला. पैसे निघाले होते. नेहमीएवढे नव्हते, शेवटी मागितले होते तेवढेच.

गिरजा आत गेली आणि पुष्कळ दिवसांनी रडली. रेश्मा मात्र रडली नाही. तिला एक गोष्ट खटकली होती. चोर असता तर निम्मे मागून निघून गेला असता. दुधापावाइतके मागत तिथं उभा राहिला नसता. हा उपाशी होता. आणि जो उपाशी असतो तो जिवंत असतो.

शेखरच्या खोलीत मुरबाडकडचा भगीरथ नावाचा एक जोडीदार राहत होता, हे तिला माहीत होतं. टोकावड्याच्या पुढं डोंगराखाली एक वाडी आहे, तिथला. त्याला नक्की काहीतरी ठाऊक असणार. एजंटाचा फोन कधीचाच बंद होता. पुढच्या शनिवारी भल्या सकाळी ती निघाली. किन्हवलीपर्यंत रिक्षा, पुढं सरळगाव, तिथून जीप. शेखरचा फोन पिशवीत घेतला होता. गिरजाला सांगितलं, बँकेत जाते.

वाडी लहान होती. भगीरथचं घर विचारल्यावर एका म्हाताऱ्यानं हातातली टोपली खाली ठेवली आणि पुढं होऊन वाट दाखवली. तो भगीरथचा बाप, बुधू. अंगणात भगीरथची बायको काजल हिरडे वाळत घालत होती. रेश्मानं नाव सांगितलं, तशी काजलचे हात थांबले.

"शेखरभावाच्या तुमी?" ती म्हणाली. "या. बसा." आणि आतून पाणी घेऊन आली.

"भगीरथ कुठं हायेत?"

"तिथंच हायेत. काम बंद पडलं, ठेकेदार पळाला. आता मासळीच्या गोदामात धुवायचं काम करतात. तिकिटाचे पैसे जमेनात." काजल पदरानं हात पुसत होती. "शनवारी फोन येतो त्यांचा. बाजारात गेले म्हंजे फोनात पैसे टाकून घेतात, मग बोलतात."

रेश्मानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावलाच नाही. ऊन अंगणात सरकत होतं. काजलनं भाकर विचारली, ती नको म्हणाली. दोघी हिरड्यांकडे बघत बसल्या.

पिशवीतला फोन वाजला. मेसेज. पैसे काढले, कॉन्स्टंटा.

तिनं तो वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. काजलनं चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं. ते उकळायला लागलं, तोवर काजलचा फोन वाजला.

"हां, बोला," काजल म्हणाली. मग थांबून, रेश्माकडे बघत, "इकडं कोन तरी आलंय." आणि फोन पुढं केला.

रेश्मानं तो कानाला लावला. मागं कुठंतरी समुद्रपक्षी ओरडत होते, वारा होता. शेखरच्या फोनमागं असायचा तोच आवाज.

"मी रेश्मा," ती म्हणाली.

 "वयनी," पलीकडून आवाज आला.

"कार्ड तुमच्याकडं हाय."

"हाय." तो बोलायला लागला आणि थांबेना. त्या दिवशी सकाळी शेखरच त्याच्या हातात कार्ड देऊन गेला होता. मला आज उशीर हाय, तू लवकर सुटशील, येताना तूच काढून आण, पिन लक्षात ठेव. दुपारी तो पडला. कार्ड भगीरथच्या खिशात राहिलं. परत करायचं तर कुणाला, त्याला कळेना. मग ठेकेदार पळाला, खोलीतलं अन्न संपलं. "मशीनमदी घातलं तेव्हा वाटलं, बंद असनार. चालू होतं. दर टायमाला वाटायचं, आता गिळतंय कार्ड. नोटा बाहेर आल्या की मी समजायचो, वयनीला म्हाईत हाय, वयनी देते. एकदा नाय म्हनालं. मी हटलो नाय तिथून, जानार कुठं? परत दाबलं तर आले. तवा लय भ्यालो वयनी. वाटलं, शेखरच देतो. त्या रातीपासून खोलीत दिवा मालवत नाय मी."

रेश्माला एकच विचारायचं होतं. 

"तुमी त्यांना पायलं होतं?"

"मीच खाली उतरलो. मीच उचललं."

"तोंड पायलं?"

"पुसलं वयनी. दवाखान्यात न्यायच्या आदी मीच पुसलं."

"त्यांचंच होतं?"

भगीरथ रडायला लागला होता. "दुसऱ्या कुनाचं असनार?"

तिनं फोन काजलला दिला. उठून अंगणाच्या कडेला गेली आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. आजवर तिच्याजवळ एक धागा होता, तो तुटला. बुधू म्हातारा जवळ येऊन उभा राहिला. तिचं रडणं होईपर्यंत तिथंच थांबला.

निघताना तिनं काजलला सांगितलं, "तिकिटाचं मी बघते. त्यांना म्हना, या."

भाविक आधी चिडला, मग त्यानंच तिकीट काढून दिलं. भगीरथ आला तो पौषातल्या एका सकाळी, विमानतळावरून आधी शेणव्याला. घरी जाण्याआधी कार्ड परत करायचं, असं त्यानं काजलला सांगून ठेवलं होतं. अंगात जाड निळं जाकीट होतं. शेखरचं. थंडीत दोघं आळीपाळीनं घालायचे ते.

गिरजा खळ्यावर होती. रस्त्याच्या वळणावर ते जाकीट दिसलं आणि ती हातातला खराटा टाकून धावली. "शेखर!" हाक सगळ्या आळीला ऐकू गेली. फोटोत बघून बघून ते जाकीट तिच्या डोळ्यांत बसलं होतं.

भगीरथ जागीच थांबला. रेश्मा दारातून धावत येईपर्यंत गिरजानं त्याचे दोन्ही दंड धरले. "बारीक झालास," ती म्हणाली.

भगीरथनं रेश्माकडे बघितलं, मग म्हातारीकडे. "हो आये," तो म्हणाला.

त्याला पाटावर बसवून गिरजानं स्वतः वाढलं. भात, वालाचं बिरडं. तो मान खाली घालून जेवला. ती समोर बसून पंख्यासारखा पदर हलवत होती, थंडी असूनही. रेश्मा दाराला टेकून उभी होती आणि तिला धड बघवत नव्हतं. जेवण झाल्यावर त्यानं कार्ड तिच्या हातात दिलं. काठ झिजलेलं, साधं प्लास्टिक. सोमवारी ती बँकेत जाऊन शेखरचा मृत्यूचा दाखला देऊन आली.

तो आला त्याच दिवशी दुपारी ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. जीप यायची होती.

"आईला सांगायला पायजे होतं," ती म्हणाली. "आता रोज वाट बघतील तुमची."

"त्यांना म्हाईत हाय वयनी," भगीरथ म्हणाला. "मला हात धुवायला पानी घालत होत्या ना, तवा हळूच इचारलं, तुझी आय हाय का रे? नाय म्हनालो. तर म्हनाल्या, मग इथं येत जा."

जीप आली. तो मागच्या फळीवर बसला आणि जाकीट काढून तिच्याकडे धरलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. गाडी सरळगावच्या वाटेला लागेपर्यंत निळा ठिपका दिसत होता.

परतताना तिला लांबूनच दिसलं, गिरजा पुन्हा खळं झाडत होती. अधूनमधून थांबायची, मान वर करून वळणाकडे बघायची आणि पुन्हा वाकायची.