माईकवर न पुकारलेलं नाव

जळगाव जामोदच्या एका शाळेत क्लार्क असलेल्या प्रसेनजितला आपल्या भीमगीतांच्या संग्रहाचा भारी अभिमान होता. कुणाचंही नवं गाणं निघालं की ते कुठून तरी फुकटात मिळवायचं आणि गावाच्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं, हा त्याचा खाक्या. गाणी विकत घेणारे त्याच्या लेखी भोळे!

बुद्धपौर्णिमेचा गायनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा तो ऐटीत गायिका वंदनाताईंच्या घरी कार्यक्रमाची सुपारी द्यायला गेला. त्यांच्या आवाजावर त्याचा जीव होता. पाहतो तर ढोलकी खुंटीला, तिच्यावर धूळ.

"गाण्याची पार्टी मोडली भाऊ," ताई म्हणाल्या. "माहा भाऊ धम्मरत्न ढोलकी वाजवे, तो पुण्याले गोदामात कामाले लागला."

"काऊन?"

"आमी वर्गणी करून नवे गाणे रेकॉर्ड केले. कार्यक्रमात पेन ड्राइव्ह इकू म्हटलं. पण जिथं जावं तिथं लोक म्हनत, आमच्याजवळ हायेत, प्रसेनजित सरानं धाडले."

"पण ताई, मी तर तुमचा प्रचार केला!"

"हाव, प्रचार झाला. पण प्रचारानं पोट भरत नाही ना भाऊ."

त्या रागावल्या नाहीत, उलट चहा केला. प्रसेनजित अर्धा कप तसाच ठेवून उठला.

घरी येऊन त्यानं बायकोला, मंजुश्रीला, सगळं सांगितलं. वर म्हणाला, "मी काय कंजूस हाये? दरसाल स्टेजवर नोट देतो ना!"

"देता, कारण ताई माईकवर तुमचं नाव पुकारते," मंजुश्री म्हणाली. "ते पैसे गाण्याचे नाहीत, तुमच्या नावाचे! गाणं घरी नेताना नाव पुकारणारं कोणी नसते, मंग ते फुकट. मेहनतीचा मान ठेवा, हेच त्या गाण्यायत हाये. तुमी आयकून काय राह्यले मंग?"

प्रसेनजित चरकला. खरंच की! इतकी वर्षं गाणी ऐकली, पण गाणाऱ्याच्या घरात कधी डोकावलोच नाही!

त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'वंदनाताईंची गाणी मी न विचारता वाटली. चुकलो. ती पुसून टाका आणि विकत घ्या.' काहींनी टिंगल केली, "सरानं दुकान टाकलं काय बे?" तो मात्र ताईंकडे गेला, माफी मागितली आणि एकदा गाऊन बघाच म्हणून गळ घातली. ताई तयार झाल्या, धम्मरत्नही सुट्टी काढून आला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढे ढोलकी कडाडली. लोक नोटा घेऊन स्टेजवर जाऊ लागले, नावं पुकारली जाऊ लागली. प्रसेनजितही उठला. पण तो स्टेजकडे न जाता बाजूला पेन ड्राइव्ह विकायला मांडलेल्या सतरंजीकडे वळला, पुरते पैसे मोजून पेन ड्राइव्ह घेतला. ताईंनी ते पाहिलं आणि त्याचं नाव घ्यायला माईक तोंडाशी नेला. त्यानं हात जोडले.

"नाव नका घेऊ ताई. ही भेट नाही. घेतल्याचे पैसे देले."

मागे वळतो तर टिंगल करणाऱ्यांतलेच काही जण खिसे चाचपत सतरंजीकडे येत होते. धम्मरत्नानं ते पाहिलं आणि त्याचा हात ढोलकीवर आणखी जोरात पडू लागला.

वाचकहो, आपल्या मोबाइलातलं प्रत्येक गाणं कुणाच्या तरी घरची भाकर आहे. गाण्यावर प्रेम असेल, तर कोणी बघत नसतानाही त्याचे पैसे द्या.