अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्यावर रंग नाही. तिथं पितळ उघडं पडलं आहे आणि जरासं खोलगट झालं आहे. मी एका जुन्या लष्करी ट्रकच्या रेडिएटरवरचा बिल्ला आहे, आणि माझी सगळी कहाणी त्या एवढ्याशा जागेत आहे.

साच्यातून निघालो आणि माझ्या अंगात निळाशार रंग भरला गेला. ट्रकच्या नाकावर दोन स्क्रूंनी बसवलं, तेव्हा कोण मिजास होती माझी! ती फार टिकली नाही. लढाई सुरू झाली, चकाकणारं काही दिसता कामा नये असा हुकूम निघाला आणि माझ्या तोंडाला हिरवा रंग फासला गेला. माझ्या ड्रायव्हरला ते मुळीच रुचलं नाही. गाडी सुरू करण्याआधी तो पुढे येऊन माझा डावा कोपरा अंगठ्याने घासायचा. वर्षानुवर्षं. आधी हिरवा रंग गेला, मग निळाही. उतरून कुठं जायचं झालं, तर अंगठा टेकवून म्हणायचा, "आलोच." आणि यायचा.

एकदा घाटात असं धुकं दाटलं की समोरचा रस्ताच नाहीसा झाला. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला. रस्ता कुठवर शाबूत आहे, ते चालत जाऊन बघणार होता. त्याने अंगठा टेकवला. "आलोच," म्हणाला. त्याची पाठ धुक्यात दिसेनाशी झाली. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन त्याची वाट बघत होतं. मी त्यानंतरही बघत राहिलो.

पुढे ट्रक भंगारात गेला. रेडिएटरमधून गवत वर आलं. वारा पडला की कुणीतरी चालत येतंय असं वाटे आणि माझा कोपरा उबदार होई. खरं सांगतो, मला भीती वाटायची. पावलं यायची, माणूस यायचा नाही.

मग दातांचे एक निवृत्त डॉक्टर आले. त्यांना जुन्या गाड्यांचं वेड. त्यांच्याकडे अगदी तसलाच ट्रक होता, पण बिल्ल्याविना. त्यांनी मला उचकटलं आणि त्याच्यावर चढवलं. माझा ट्रक मागे राहिला आणि भट्टीत वितळला. डॉक्टर ब्रश घेऊन बसले की त्यांची बायको म्हणे, "माणसांची तोंडं संपली, आता गाड्यांचे दात घासा!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पॉलिशचं यंत्र काढलं. माझा कोपरा घासून सपाट करायचा आणि नवा निळा रंग भरायचा, असा बेत होता. माझा जीव कासावीस झाला. ती खूण गेली, तर ड्रायव्हरने मला ओळखायचं कशावरून?

तेवढ्यात फाटकातून पिकल्या केसांची एक बाई आत आली. जुना ट्रक कुठं आहे असं कळलं की ती बघायला जायची. तिने वाकून माझ्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.

"माझे बाबा ट्रक घेऊन घरी आले होते एकदा," ती म्हणाली. "माझा अंगठा इथं टेकवला आणि वर स्वतःचा ठेवला."

मग ती वर चढली आणि स्टिअरिंग कवटाळून रडली. "इथंच बसायचे ना बाबा?"

डॉक्टर घुटमळले. "हो," म्हणाले.

"हो काय हो?" बायको कडाडली. "ताई, गाडी ती नव्हे. बिल्ला यांनी भंगारातून उचकटून आणलाय. तेवढाच तुमच्या बाबांचा."

ड्रायव्हरची मुलगी खाली उतरून माझ्यासमोर आली. डॉक्टरांनी यंत्राची वायर गुंडाळली. "उद्या प्रदर्शन आहे," असं पुटपुटत त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि दोन्ही स्क्रू काढले.

आता मी तिच्या दाराशेजारी भिंतीवर आहे. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर पुसा, पण झिजलेली जागा दिसली तर आधी हात आवरा. ती जागा कुणाची तरी असते.

धुकं पडलं की मला अजून पावलं ऐकू येतात. रोज बाहेर निघताना मुलगी अंगठा टेकवते आणि म्हणते, "आलेच." मी दिवसभर धास्तावलेला असतो. संध्याकाळी कुलूप वाजतं, आणि ती येते.